अर्नाळा किल्ल्याच्या गावात जायचंय? आधी पाणी बघा, मग गाडी

रविवारी आरामात उठायचं, ठाण्यात नौपाड्याला मिसळ हाणायची, अकराला गाडी काढायची, दीडच्या उन्हात अर्नाळ्याच्या वाळूत उभं राहायचं आणि मग विचारायचं, "बोट कुठे आहे?" बोट असते. पाणी नसतं, ओहोटी लागलेली असते.

ठाण्या-नवी मुंबईहून अर्नाळा किल्ल्याला निघालेल्या दहातल्या आठ मंडळींचं असंच होतं. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं. सगळं नियोजन लोकलच्या वेळेवर केलेलं आणि समुद्राचं वेळापत्रक कोणी उघडलेलंच नाही. म्हणून या लेखात पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा केलात तर बाकीची तयारी कितीही चोख असली तरी उपयोग नाही.

सुरुवातीलाच नावाचा गोंधळ मिटवू. अर्नाळा हे गाव जमिनीवर आहे, विरारच्या पश्चिमेला. अर्नाळा किल्ला हे समोरच्या बेटावरचं वेगळं गाव आहे. त्याची ग्रामपंचायत वेगळी, मंदिरं वेगळी, आणि तिथे जायला होडीशिवाय वाट नाही. रिक्षावाल्याला नुसतं "किल्ला" म्हणालात तर तो तुम्हाला वसईच्या किल्ल्याचा रस्ताही सांगू शकेल. "अर्नाळ्याला, किल्ल्याच्या बोटीला" असं म्हणा.

## १. तिथी बघून दिवस ठरवा

मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, ते बघाच. पण दोन आठवडे पुढचा दिवस निवडायचा असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर जास्त कामाचं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मला हे गणित शिकवलं, आणि किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या माणसाला ते पाठ असतं: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ.

द्वादशी घ्या. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती, रात्री पुन्हा नऊ-साडेनऊला. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ, म्हणजे दुपारी सव्वातीन. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अमावास्येलाही पंधराच धरायचे. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते.

हे गणित अंदाजाचं आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दिवस निवडायला ते पुरतं. निघायच्या आदल्या रात्री मात्र तक्ता बघून नेमकी वेळ लिहून घ्या.

आता माझी चूक ऐका. मी गेलो होतो सप्तमीला. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. भरती पहाटे सव्वापाचला आणि ओहोटीचा तळ साडेअकराला. आम्ही किनाऱ्यावर पोचलो अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, बायकोच्या पायात नवे बूट. पुढचं सांगत नाही.

मग कोणते दिवस घ्यायचे? दशमी ते त्रयोदशी, आणि सकाळची फेरी. या दिवसांत भरती साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. तुम्ही भरल्या पाण्यात जाता आणि पाणी फार उतरायच्या आत परत येता. दुसरा फायदा म्हणजे दशमी-एकादशीला भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे दिवस असतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते आणि प्रवाहाला ओढ असते. मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीनंतरच्या भांगात हाच चढउतार निम्म्याच्या आसपास येतो आणि पाणी मवाळ असतं. नवख्यांनी, लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील त्यांनी भांगच धरावा.

तिसरा फायदा कोणी सांगत नाही. या किनाऱ्यावर डोल जाळ्याची मासेमारी मोठी. डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेलं पिशवीसारखं जाळं. पाण्याला ओढ असेल तेव्हाच त्यात मासळी भरते, म्हणून उधाणाचे दिवस कामाचे आणि भांगाचे दिवस जाळी शिवायचे, होडी डागडुजीचे, थोडं बसायचे. माणसांशी बोलायचं असेल तर भांगात जा. बोंबील, करंदी, जवळ्याच्या पाट्या उतरताना बघायच्या असतील तर उधाणात जा, पण मग कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

अशा खिडक्या महिन्यातून दोन, त्याही चार-चार दिवसांच्या. त्यात शनिवार-रविवार पडेलच असं नाही. रजा टाका. (एकादशीलाच जाऊन मासळी खावी का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.)

तपासा: तारीख, त्या दिवशीची तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ. या चार गोष्टी एका ओळीत लिहिता येत नसतील तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## २. हंगाम आणि इशारे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम. मार्च ते मे दुपारनंतर समुद्रावरचा वारा चढतो आणि लहान होडीत चांगलंच उडायला होतं. सकाळी जाऊन दुपारच्या आत परतलात तर चालतं. जून ते सप्टेंबर नाही म्हणजे नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते ती उगाच नाही. "गावकरी तर जातात ना" हा युक्तिवाद पावसाळ्यात करू नका. त्यांना दवाखाना, शाळा आणि बाजार यांसाठी जावंच लागतं, तुम्हाला फोटोसाठी.

आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही बघा. आकाश निरभ्र असतानाही लांबच्या वादळाने इथे लाटा उठतात, त्यामुळे ऊन बघून निर्णय घेऊ नका. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला आहे असं कोणी म्हणालं तर बेत रद्द. होडीवाला "चला, काही होत नाही" म्हणाला तरी रद्द.

## ३. वेळापत्रक उलटं मांडा

बहुतेक जण निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजतात. इथे शेवटून मागे मोजायचं.

आधी बेटावरून परतायची होडी ठरवा. समजा द्वादशी आहे, भरती नऊला. परतीची होडी साडेबाराची धरा. बेटावर तीन तास पुरेसे, म्हणजे साडेनऊला बेटावर. होडीचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा, पण ती भरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून नऊच्या आत किनाऱ्यावर. विरार स्टेशनहून अर्नाळा साधारण दहा किलोमीटर. बस किंवा शेअर रिक्षा मिळून अर्धा-पाऊण तास धरा. म्हणजे विरारला सव्वाआठ.

ठाण्याहून विरारला दोन सरळ मार्ग. एक, मध्य रेल्वेने दादर आणि तिथून विरार लोकल. लांब वाटतो, पण भरवशाचा. सकाळी विरारकडे जाणारी गाडी गर्दीच्या उलट दिशेने असते, बसायला मिळतं. दोन, घोडबंदर रोडने बसने बोरिवली आणि पुढे लोकल. अंतर कमी, पण गायमुख घाटात एक ट्रक बंद पडला की भरती तुमच्यासाठी थांबत नाही. सकाळी सातच्या आत घोडबंदर पार करणार असाल तरच हा मार्ग घ्या. स्वतःची गाडी आणलीत तरी हाच नियम: फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत लवकर पोचा, खाडीपूल ओलांडा, मग विरार फाट्याहून आत. नेरूळ-बेलापूरकरांनी ठाण्याला वळसा घालण्यापेक्षा वडाळा रोडला गाडी बदलून अंधेरी गाठावी आणि तिथून विरार लोकल धरावी.

गाडी किनाऱ्यालगत लावताना मासळीच्या टेम्पोची वाट मोकळी ठेवा. बर्फ आणि मासळी तासभरही अडकून चालत नाही, आणि मग तुमची गाडी कशी हलवली गेली याची तक्रार करू नका.

इशारा: शेवटची होडी कितीची, हे इंटरनेटवर शोधू नका. ती पाण्यावर, वाऱ्यावर आणि प्रवाशांवर ठरते. किनाऱ्यावर विचारा आणि मिळालेल्या वेळेच्या एक होडी आधी परत या.

## ४. पिशवीत काय, पायात काय

पायापासून सुरुवात करू. बूट नकोत. साधी रबरी स्लीपरही नको, ती चिखलात रुतून राहते आणि पट्टा हातात येतो. मागे पट्टा असलेली सँडल उत्तम. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडता आली पाहिजे. घट्ट जीन्स भिजली की दिवसभर तुमच्याशी भांडते. अनवाणी उतरायचा मोह टाळा. दगडांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. कापलंच तर गोड्या पाण्याने धुवा, पट्टी बांधा आणि घरी आल्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

माणशी दोन लिटर पाणी न्या. बेटावर गोडं पाणी मोजकं असतं. कोणाच्या दारातल्या पिंपातून पाय धुणं म्हणजे कोणाच्या स्वयंपाकाच्या पाण्यात हात घालणं. फोन, पाकीट आणि गाडीची किल्ली एकत्र प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत, आणि ती पिशवी वरच्या खिशात किंवा गळ्यात. मागच्या खिशात ठेवलेला फोन होडीत चढताना पाण्यात जातो, हे आमच्या घरात सिद्ध झालेलं आहे. सुट्टे पैसे, टोपी, उलटीची गोळी (लागत असेल तर अर्धा तास आधी), एक कोरडा टॉवेल आणि सुकट आणायची असेल तर झाकणाचा स्टीलचा डबा. बाकी ओझं घरी.

प्रसाधनगृह विरार स्टेशनवर वापरून घ्या. बेटावर सोय गृहीत धरू नका. विशेषतः बायकांनी हे ऐकावं आणि पुरुषांनी "कुठेही उभं राहू" हा विचार विरारलाच सोडावा.

## ५. होडीत चढणं

इथे घाई होते आणि माणसं पडतात. पाणी आत-बाहेर होतं तशी होडी लागायची जागा बदलते, म्हणून समोर दिसेल त्या होडीकडे धावू नका. डोक्यावर सामान घेऊन निघालेली गावातली माणसं बघा, त्यांच्या मागे जा.

क्रम असा:

१. आधी गावकऱ्यांना चढू द्या. त्यांच्याकडे बाजाराच्या पिशव्या असतात, गॅसचं सिलिंडर असतं, कधी आजारी माणूस असतो. ही होडी त्यांची रोजची बस आहे.

२. पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत न्या. तळ दिसत नाही. खड्डा, दगड किंवा वाळूत दडलेला पाकट मासा पायाला आधी जाणवलेला बरा.

३. होडीजवळ पोचलात की लाट येऊन जाऊ द्या. होडी वर उचलली जात असताना कठड्याला लटकू नका. ती खाली बसली की खलाशाला मनगट द्या, बोटं नव्हे.

४. तो सांगेल तिथे बसा. ओळखीच्या मंडळींनी एकाच बाजूला बसायचा हट्ट करू नका. वजन दोन्ही बाजूंना लागतं.

५. लाइफ जॅकेट मागा. दिसत नसेल तर विचारा, आणि मिळालं तर नुसतं मांडीवर ठेवू नका, पट्टे लावा. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोटीला अपघात झाला, तेव्हापासून "दहा मिनिटांचा तर प्रवास" हे वाक्य मी ऐकून घेत नाही.

होडी चालू असताना उभं राहणं, एका कडेला जमून सेल्फी घेणं, पाण्यात हात सोडून बसणं, तिन्ही नाही.

तपासा: होडी भरून पाण्याच्या रेषेच्या फार खाली बसली आहे असं वाटलं तर उतरा. पुढच्या होडीला तास लागला तर लागला. समुद्रात मदत लागलीच तर ११२, आणि तटरक्षक दलाचा १५५४. दोन्ही आधीच फोनमध्ये घालून ठेवा.

## ६. गावात शिरताना

उतरल्या उतरल्या पहिलं काम: परतीची होडी कुठून आणि कधी, हे त्याच खलाशाला विचारा. दुसरं काम: आवाज कमी करा. रात्रभर समुद्रावर राहून आलेली माणसं सकाळी दहाला झोपलेली असतात.

वाटेच्या दोन्ही बाजूंना मासळी वाळत असते. बांबूंच्या वलांडीवर बोंबील, जमिनीवर जवळा आणि मांदेली. जमिनीवरची पसरलेली मासळी चुकून तुडवली जाते, त्यामुळे खाली बघून चाला. हे कोणाचं तरी पुढच्या चार महिन्यांचं उत्पन्न आहे. वलांडीला टेकून फोटो काढू नका, जाळ्यांवर बसू नका, नांगराच्या दोरावरून उड्या मारू नका. उलटी घातलेली होडी म्हणजे बाक नव्हे.

फोटो विचारून काढा. मासळी निवडणाऱ्या बायकांच्या तोंडासमोर कॅमेरा धरून "मावशी, इकडे बघा ना" करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आधी बोला. "मावशी, आज काय मिळालं?" एवढं पुरतं. उत्तर मिळालं तर थांबा, नाही मिळालं तर हात चालू आहेत असं समजा आणि पुढे व्हा. पुरुषांना दादा, काका; होडीच्या मालकाला नाखवा म्हटलंत तर चेहरा बदललेला दिसेल. आगाऊपणाने कोळी बोलीची नक्कल मात्र करू नका. सिनेमातली कोळी भाषा तिथे कोणी बोलत नाही.

कालिकामातेच्या देवळात जाल तर पाय झटकून, चप्पल बाहेर ठेवून जा. ओल्या चड्डीत देवळात शिरणारे महाभाग मी पाहिले आहेत.

## ७. किल्ला: तासाभरात उरका

किल्ला गावाला लागूनच आहे. मुख्य दरवाज्यावरचं हत्ती आणि शार्दूलाचं कोरीव काम बघा, आतलं त्र्यंबकेश्वराचं मंदिर आणि त्याजवळचं अष्टकोनी तळं बघा, तटावरून एक फेरी मारा. तळ्यात पाण्याच्या बाटल्या बुडवू नका. आत भाजीपाल्याची शेती केलेली असते, तिथून आडवे जाऊ नका, पायवाट आहे. तटावरच्या दगडांच्या फटींत झुडपं उगवलेली असतात आणि कडा सैल असतात, मुलांचा हात सोडू नका.

किल्ल्यापासून सुटा असा एक गोल बुरूज दक्षिणेकडे आहे. त्याचं दार इतकं बुटकं की वाकून, जवळजवळ सरपटत आत जावं लागतं. विजेरी घेतल्याशिवाय आत शिरू नका. वेळ कमी असेल तर तटाची फेरी सोडा, बुरूज नको सोडायला.

## ८. जेवण आणि सुकट

बेटावर हॉटेल आहे असं धरून उपाशी जाऊ नका. विरारला पोटभर खा, बरोबर पोळी-भाजी किंवा चटणी-भाकरी ठेवा. कोणी घरी जेवायला बसवलं तर ते भाग्य, पण तसं आधी बोलणं झालेलं नसेल तर जेवणाच्या वेळी दारात घुटमळू नका. जेवलात तर पैसे विचारून, हातात द्या. ताटाखाली ठेवून पळू नका. कचरा परत आणा. वेफर्सचं पाकीट बेटावर टाकलं की ते समुद्रात आणि पुढच्या ओहोटीला डोल जाळ्यात.

सुकट घ्यायची तर दुपारच्या आत. बोंबील वाकवून बघा. नीट वाळलेला ताठ असतो, बोटांना चिकटत नाही. पोटाकडे पिवळसर, तेलकट दिसला तर जुना. जवळा मूठभर घेऊन तळहातावर चोळा आणि फुंकर मारा, वाळू लगेच कळते. घासाघीस थोडी चालते, पण शहरातल्या भावाशी तुलना करून वाद घालणं बरं दिसत नाही.

## ९. परतीला

ठरलेल्या होडीच्या वीस मिनिटं आधी किनाऱ्यावर या. परतताना पाणी उतरलेलं असतं, उतरायला सकाळपेक्षा जास्त चालावं लागतं. ओल्या चिखलात सावकाश चाला, टाच आधी टेकवली तर घसरता. पूर्ण पाऊल सपाट टाका. होडी चुकली तर आरडाओरडा करू नका. गावात सांगा, पुढची होडी किंवा कोणाची बाजाराला जाणारी होडी मिळते. पोहत किंवा चालत पलीकडे जायचा विचार ओहोटीलाही करू नका, मधला पाण्याचा पट्टा दिसतो त्यापेक्षा खोल आणि ओढीचा असतो.

विरारहून परतताना सुकटीचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळा. लोकलमध्ये वास सुटला की अख्खा डबा तुमच्याकडे बघतो आणि बोरिवली येईपर्यंत दोन-तीन जण भाव विचारतात. घरी आल्यावर बोंबील एक दिवस उन्हात पुन्हा दाखवा, गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. गरम असताना झाकण लावलंत तर आतून घाम येतो आणि आठवड्यात बुरशी धरते.